गॅसच्या विहिरीचा चेक

गावी गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या अमेरिकेतल्या जमिनीखाली गॅस आहे म्हणे. मग बसून खाता येत असेल की!" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही पेन्सिल्वेनियात, वॉशिंग्टन काउंटीत राहतो. मार्सेलस शेल या खडकातून 2004 मध्ये पहिल्यांदा नव्या पद्धतीने, म्हणजे दाबाखाली पाणी सोडून खडकाला भेगा पाडून, गॅस काढला, तो याच काउंटीतल्या रेन्झ विहिरीतून. आपल्याकडे सातबारा तुमच्या नावावर असला तरी खालचं खनिज सरकारचं. इथे ते जमीनमालकाचं, पण तेही दरवेळी नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणी जमीन विकताना तेल-वायूचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले असतील, तर वरचं गवत तुमचं आणि खालचा गॅस त्याच्या पणतवंडांचा. आम्ही वकिलाकडून जुनी खरेदीखतं तपासून घेतली आणि मगच जागा घेतली.

गॅस काढू देण्याच्या करारावर, म्हणजे लीजवर, सही केली की कंपनी एकरी बोनस देते आणि गॅस निघायला लागला की रॉयल्टी, म्हणजे त्या गॅसच्या किमतीतला हिस्सा. 1979 च्या कायद्याने ती इथे किमान 12.5 टक्के. ऐकायला भरपूर वाटते. पण जमिनीखाली खोलवर आडवी वळवलेली विहीर मैल-दोन मैल जाते, म्हणून अनेकांच्या जमिनी मिळून एक युनिट करतात. 640 एकरांच्या युनिटमध्ये तुमचे 10 एकर असले, तर 100 डॉलरच्या गॅसमागे तुमच्या वाट्याला 20 सेंटसुद्धा येत नाहीत.

त्यातूनही वजावट होते. चेकसोबत एक कागद येतो. त्यावर महिना, किती गॅस निघाला, भाव काय, तुमचा हिस्सा किती (दशांश चिन्हापुढे आठ आकडे), आणि शेवटी कपातीचे रकाने: गॅस गोळा करण्याचा खर्च, दाब वाढवण्याचा, पाणी काढण्याचा, पाइपलाइनचा. अशी कपात 1979 च्या कायद्यात बसते, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला. शेजारच्या आजोबांनी मला त्यांचा कागद दाखवला होता. कपातीने जवळजवळ निम्मी रक्कम गेलेली. जन्मभर गाईंचं दूध काढून जपलेली जमीन आणि हातात हे, याचा मला आजही संताप येतो. आमच्या लीजमध्ये वकिलाने "कोणताही खर्च वजा करायचा नाही" असं एक वाक्य घालून घेतलं होतं. फरक तेवढ्याचाच.

आणि चेक कायम तेवढाच येत नाही. शेल विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षभरातच झपाट्याने उतरतं. लीज मात्र सुटत नाही; मुदत पाच वर्षांची लिहिलेली असली तरी गॅस येतोय तोवर ती चालू राहते. युनिटबाहेर राहिलेली जमीन मुदतीनंतर मोकळी व्हायला हवी असेल, तर तेही कलम आधीच लिहून घ्यावं लागतं.

तर नाही, बसून खाता येत नाही. आमचा घराचा कर त्यातून निघतो. तुमच्या ओळखीतलं कुणी इकडे जागा घेणार असेल, तर बोनसचा आकडा ऐकून सही करू नका म्हणावं. आधी तेल-वायूच्या कामातला वकील गाठायला सांगा.