मोमात मातिस, गुगेनहाइममध्ये गायतोंडे

न्यूयॉर्कला गेलेला माणूस मोमात, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, शिरतो तो बहुधा व्हॅन गॉगची 'स्टारी नाइट' बघायला. तिच्यासमोर मोबाइल उंचावलेली गर्दी कायम असते. मी तो मजला सरळ गाळला. ती चित्रं म्युझियमच्या मालकीची, पुढच्या खेपेलाही बहुतेक तिथेच भेटतील. तात्पुरत्या प्रदर्शनाचं तसं नसतं. कुणाच्या दिवाणखान्यातून, कुणाच्या गोदामातून एकेक चित्र विमा उतरवून आणायचं, चार महिने एका छताखाली ठेवायचं, की मग जो तो आपापल्या घरी.

२०१४च्या नाताळात मी न्यू जर्सीला मावशीकडे होते. तेव्हा मोमात फ्रेंच चित्रकार हेन्री मातिसच्या कातरलेल्या कागदांची चित्रं लागली होती आणि गुगेनहाइम म्युझियममध्ये आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे. "दोन्ही एकाच दिवशी?" मावशी म्हणाली. "पाय राहतील का गं जागेवर?" आणि थर्मासात चहा भरायला लागली.

मोमाचं तिकीट तेव्हा २५ डॉलर होतं. मातिससाठी आत जायची वेळही ठरवून घ्यावी लागत होती. कोट, पाठीवरची बॅग आणि थर्मास खाली जमा करून आम्ही सहाव्या मजल्यावर गेलो.

१९४१ मध्ये मातिसचं कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो बराच काळ अंथरुणात नाहीतर चाकांच्या खुर्चीत असे. मदतनीस मुली कागदांना गवाश, म्हणजे पाण्यात कालवायचा दाट रंग, लावून द्यायच्या, तो मोठ्या कात्रीने आकार कापायचा आणि मुली ते टाचण्यांनी भिंतीवर लावायच्या. जरा वर, जरा डावीकडे, परत खाली. पुस्तकात हे आकार सपाट, छापील वाटतात. इथे जवळून पाहिलं तर रंगावर ब्रशचे फराटे दिसतात आणि टाचण्यांची बारीक भोकं दिसतात, एकेका पानाला पाच-सहा ठिकाणी. म्हणजे ते पान तितक्यांदा हललं असणार. मला तर त्या भोकांचाच नाद लागला. मावशी पुढच्या खोलीत पोचली तरी मी मागेच.

पण खरी गंमत होती 'स्विमिंग पूल'. १९५२च्या उन्हाळ्यात सूर मारणारी माणसं बघायची म्हणून मातिस कान शहरातल्या एका तलावावर गेला. ऊन सोसेना म्हणून परतला आणि नीसमधल्या आपल्या जेवणघराच्या भिंतींवर स्वतःच तलाव करायला बसला. भिंतींना गोणपाट लावलेलं होतं. त्यावर डोक्याच्या उंचीला पांढऱ्या कागदाचा पट्टा चारी बाजूंनी फिरवला आणि त्यात निळी माणसं सोडली. कुणी सूर मारतंय, कुणी पाण्याखाली, कुणाचे नुसते पाय पट्ट्याबाहेर उडालेले. मोमाने हे १९७५ मध्ये घेतलं, पण पुढे गोणपाट काळपट पडत गेलं आणि निळ्या-पांढऱ्याचा उठाव गेला. वीसेक वर्षं ते बघायलाच मिळालं नव्हतं. संवर्धकांनी एकेक निळा तुकडा सोडवून नव्या गोणपाटावर बसवला. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये आधी हेच प्रदर्शन झालं, तिथे पाच लाखांवर लोक येऊन गेले, पण त्यांच्या वाट्याला हा तलाव आला नाही. तो फक्त न्यूयॉर्कला.

त्या खोलीत मात्र गर्दी फार. मान वर करून सगळे गोल गोल फिरत होते आणि एकमेकांवर आपटत होते. मावशीला ते इतकं आवडलं की तिने तीन फेऱ्या मारल्या.

खाली येऊन, थर्मास सोडवून बाहेर चहा घेतला आणि मॅडिसन ॲव्हेन्यूवरून उत्तरेकडे जाणारी बस धरली. अठ्ठ्याऐंशीव्या रस्त्याला उतरून एक चौक चाललं की गुगेनहाइम. फ्रँक लॉइड राइटची ही इमारत १९५९ची. आत जिने नाहीत असं नाही, पण सगळा कारभार त्या गोल चढत्या उतारावर. त्या उतारावर तेव्हा 'झीरो' नावाच्या जर्मन मंडळींचं प्रदर्शन होतं. हाइन्झ माक आणि ओटो पीने यांनी १९५०च्या दशकात उभा केलेला तो गट; नंतर त्यांना मिळालेला गुंथर उकर कॅनव्हासवर शेकडो खिळे ठोकायचा. खिळ्यांच्या सावल्या बऱ्या वाटल्या, बाकी मी भराभर मागे टाकलं.

गायतोंडे बाजूच्या दालनांत होते. उताराच्याच नादात राहिलं तर चुकावेत असे. नागपुरात १९२४ मध्ये जन्म, गिरगावातल्या चाळीत बालपण, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका. याच न्यूयॉर्कला ते १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर आले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षीच मोमाने त्यांचं एक चित्र विकत घेतलं होतं. इथे तीसेक संग्रहांतून आणलेली पंचेचाळीसच्या आसपास कामं होती. सुरुवातीच्या खोलीत माणसं, रेषा, पॉल क्ले या चित्रकाराची आठवण करून देणारं काहीबाही. मग माणसं जातात आणि रंग उरतो.

मावशी एका करड्या-हिरव्या कॅनव्हाससमोर थांबली. "अगं, आमच्या चाळीची भिंत पावसाळ्यात अशीच दिसायची. ओल आलेली."

मला हसू आलं, पण तिचं निरीक्षण चूक नव्हतं. गायतोंडे रोलर आणि सुरी घेऊन रंगाचे थर चढवत, परत खरवडत. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. त्यामुळे आकार काढल्यासारखा दिसत नाही, आतून वर आल्यासारखा दिसतो. तिरक्या उजेडात बघितलं तर त्या आकारांच्या कडा किंचित उचललेल्या दिसतात; समोरून त्या सापडतच नाहीत. वर्षाला पाच-सहा चित्रं, त्याहून जास्त नाही. 'अमूर्त' हा शिक्का त्यांना मान्य नव्हता. बहुतेक पाट्यांवर 'शीर्षक नाही' एवढंच. मला ते बरंच वाटलं. बघायच्या आधी वाचायला काही नाही.

एका पिवळ्या चित्रापुढे एक पर्यटक जोडपं आलं, पाटी बघितली, नावाचा उच्चार करायचा प्रयत्न केला आणि पुढे सरकलं. मी मनातल्या मनात नीट उच्चारून घेतलं.

२०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९चं एक चित्र २३.७ कोटींना गेलं होतं. अशी चित्रं पुन्हा कुणाच्या घरात जातात, आणि त्या घराची बेल आपण वाजवू शकत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची कामं आहेत, पण ती शास्त्रज्ञांची जागा, जाता जाता डोकवावं अशी नाही. गुगेनहाइममधलं प्रदर्शन फेब्रुवारी २०१५ मध्ये उतरलं आणि ऑक्टोबरात व्हेनिसला पेगी गुगेनहाइम या संग्राहक बाईंच्या वाड्यातल्या म्युझियममध्ये लागलं. मुंबईला आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी मावशीला विचारलं, कुठलं आवडलं? "मातिस," ती लगेच म्हणाली. "पण ती ओल आलेली भिंत घरी लावायला मिळाली तर मी नाही म्हणणार नाही."