मुठीवरची दोन अक्षरे

दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी उतरवून घासण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते, आणि त्यातला निम्मा वेळ मी भांडी पालथी करून त्यांच्यावरची नावे वाचण्यात घालवतो, अशी घरातली जुनी तक्रार आहे. परवा दुपारी चिंचेने घासता घासता एका तांब्याच्या गळ्याखाली दोन मोडी अक्षरे वर आली, ‘वि’ आणि ‘ब’, आणि माझा हात थांबला. ही जोडी मी आजवर एकाच ठिकाणी पाहिली होती: नानांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, रिव्हॉल्वरच्या मुठीवर.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात ते वर्षातून एकदाच, दसऱ्याला बाहेर येई. नाना ते सुती फडक्यातून सोडवत, काडतुसांची सहाही घरे रिकामी आहेत हे दोनदा पाहत आणि मग पाटावर तलवारीच्या शेजारी ठेवत. रिव्हॉल्वरच्या घोड्याला गंध लागे आणि नळीवर झेंडूचे फूल बसे. पूजा आटोपून मोठी माणसे सोने लुटायला निघाली की मी त्या पाटाशी पालथा पडून नक्षी पाहत असे. वेलबुट्टी नळीवरून सुरू होऊन मागे वळत येई. एका पानाचे टोक सांध्यापाशी तुटत असे आणि सांधा ओलांडल्यावर नेमके त्याच रेषेत पुढे उमलत असे. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या दुकानाचे नाव इंग्रजीत होते, नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटवाले ठसे होते, आणि मुठीच्या पाठीवर मात्र इथल्याच कुणा सोनाराने टोचून घातलेली, जरा तिरकी, ती दोन मोडी अक्षरे. नववीत असताना मी त्यावर वहीचा कागद धरून पेन्सिल घासली आणि ती सगळी नक्षी कागदावर उतरवून घेतली.

हे काही पोरकट काम नव्हते, हे पुष्कळ वर्षांनी कळले. न्यूयॉर्कचा निम्श्के नावाचा एकोणिसाव्या शतकातला नामांकित कोरणारा हेच करी. हत्यार कोरून झाले की रेघांत शाई भरून तो कागदावर ठसा घेई आणि वहीत चिकटवून ठेवी. त्यामुळे त्या वहीतली नावे आरशात पाहावी तशी उलटी आहेत, आणि सही नसलेले एखादे रिव्हॉल्वर त्याच्या हातचे आहे की नाही, हे आज संग्राहक त्या वहीवरून ताडून पाहतात. कोल्ट कंपनीच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्वरच्या चक्रावरही चित्र असते, १६ मे १८४३ ला कॅम्पेचीच्या समुद्रात झालेल्या लढाईचे; पण ते साच्याने उमटवलेले, हजारोंवर एकच. ती छापील लग्नपत्रिका झाली. मला हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत रस. अर्थात कोल्टवाले एका बाबतीत भाग्यवान. क्रमांक कळवला की ते हत्यार कोणत्या तारखेला कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले, हे कंपनी जुन्या नोंदी पाहून लेखी कळवते. नोंदीत ‘साधे’ आणि हातातल्या वस्तूवर मात्र भरगच्च वेलबुट्टी असेल, तर मागाहून कोणीतरी हात मारला आहे असे समजावे.

आमच्या गावात हत्यारे पुष्कळ, पण त्यांचे कूळ विचारण्याची चाल नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरातून गेलेले होते. त्यावर नक्षी नव्हती, कुणा मालकाचे नाव नव्हते, ओळख होती ती क्रमांकाची, ६०६८२४. आणि ते इथे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, याची उलटतपासणी लाल किल्ल्यातल्या खटल्यात झाली. नाना तेव्हा पंचविशीत होते. त्या दिवसांविषयी ते कधी बोलले नाहीत. मोडी अक्षरे त्यांनीच मला वाचून दाखवली, परंतु ‘हा वि. ब. कोण?’ असे विचारले की म्हणत, “देवापुढची वस्तू आहे बाळा, तिला कूळ विचारू नये.” ते गेल्यावर परवान्याचे नूतनीकरण कोणी केले नाही, बाबांनी ते रिव्हॉल्वर रीतसर जमा केले, आणि माझ्याजवळ तो पेन्सिलीचा कागद उरला.

कुलवृत्तांत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलेला आहे. त्यात सात पिढ्यांत एकही वि. ब. नाही. मग हे रिव्हॉल्वर कुणा सरदाराने खूश होऊन दिले असेल, शिकारीच्या पैजेत जिंकले असेल, अशा गोष्टी मी वर्षानुवर्षे रचत आलो; त्यांतल्या दोन-तीन तर पाहुण्यांना सांगूनही झाल्या आहेत. आता हा तांब्या समोर आला. खूश होऊन कोणी रिव्हॉल्वरसोबत पाणी प्यायचा तांब्या देत नाही. एका घरातून या दोन्ही वस्तू एकदम निघतात त्या निराळ्या वेळी. मी कपाटातून कुलवृत्तांत काढून पणजोबांचे पान पुन्हा उघडले. त्यांच्या नावापुढे एकच ओळ आहे: ‘यांनी सचोटीने सावकारी केली.’

तांब्या लख्ख निघाला आहे. तो देवघरात ठेवायचा की परत माळ्यावर टाकायचा, असे बायकोने दोनदा विचारले. मी अजून काही बोललेलो नाही.