वारा फिरला

२१ मे, रात्री

पहाटे जाग आली ती झाडांच्या आवाजाने. आवाज घराच्या मागून, डोंगराकडून येत होता. एप्रिलपासून वारा असा पडला होता की पान हलत नव्हतं, रात्री चादरसुद्धा नको वाटायची. आज खिडकीचा पडदा आतल्या अंगाला फुगला होता. अंथरुणातच पडून ऐकत राहिले आणि मनाशी म्हटलं, फिरला वारा.

उद्या मला हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशाच्या माहे बेटावर येऊन वर्ष होईल. सेशेल्सला जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकटेपणाची भीती घातली होती. एकटेपणा आला, पण त्याची तयारी होती. जे आलं त्याची तयारी नव्हती. इथे काळाला धरायला काही सापडेना.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम साडेचार अंशांवर आहे हे बेट. वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अर्ध्या तासाचाच काय तो फरक. सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो, संध्याकाळ रेंगाळत नाही, सातच्या सुमाराला मिट्ट काळोख. झाडं बारा महिने हिरवी. सुरुवातीला हे सुख वाटलं. मग ऑक्टोबरात कधीतरी लक्षात आलं की मला काही आठवतच नाही. म्हणजे घटना आठवतात, पण त्या कधीच्या ते सांगता येत नाही. भारतीय उच्चायुक्तालयात कामासाठी गेले तो दिवस ऑगस्टातला की सप्टेंबरातला? आपण एरवी तारखा लक्षात ठेवतच नाही. ‘पाऊस लागला त्याच आठवड्यात’, ‘उन्हाची काहिली होती तेव्हा’ अशा खुंट्यांना आठवणी अडकवलेल्या असतात. त्या खुंट्याच निघाल्या आणि सगळे दिवस एकात एक मिसळले. मला त्याची खरोखर धास्ती वाटली. ही वही त्याच आठवड्यात आणली.

आकाशानेही आधार दिला नाही. रात्री इथल्या बो व्हालों किनाऱ्याच्या वाळूत बसून उत्तरेकडे बघते तेव्हा सप्तर्षी दिसतात, पण उलटे टांगल्यासारखे. लहानपणी शिकवलं होतं तसं पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ ओढली, तर ती खाली जाते आणि सरळ समुद्रात बुडते. ध्रुव क्षितिजाच्या पलीकडे आहे. अढळ म्हणून ज्याची गोष्ट ऐकत मोठे झालो, तो इथून दिसतच नाही. पहिल्यांदा हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ तिथेच बसून होते.

बाकीचं जमत गेलं. कपाटात पिवळा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवायचा, नाहीतर चामड्याच्या चपलांवर आठवड्यात बुरशी. बिजागऱ्यांना तेल. दुकानात एखादी वस्तू संपली की पुढचं जहाज लागेपर्यंत ती संपलेलीच, तिच्यावाचून स्वयंपाक करायला शिकायचं. पैशाला इथेही रुपयाच म्हणतात, पण मनातल्या मनात आपल्या रुपयात हिशेब करणं मी सहाव्या महिन्यात सोडलं आणि त्या दिवसापासून बाजारात जीव हलका झाला. कामाचा परवाना दोन वर्षांचा, तोही मालकाशी बांधलेला. त्यावर रोज विचार करायचा नाही असं ठरवलंय.

वाऱ्याचं मला शेजारच्या मादामनी शिकवलं. सत्तरी ओलांडलेल्या आहेत, इथल्या क्रिओल भाषेशिवाय फारसं बोलत नाहीत, आणि माझी क्रिओल अजून ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’च्या थोडीच पुढे गेली आहे. डिसेंबरात एके सकाळी त्या स्वतःच्या कुंड्या समुद्राकडच्या ओट्यावरून उचलून मागच्या अंगणात नेत होत्या. मी नुसती बघत होते. आठवड्याभरात वायव्येचा वारा जोर धरून आला, खारे तुषार थेट ओट्यापर्यंत, आणि माझ्या तुळशीची पानं कडेकडेने काळी पडली. मादाम कुंपणापाशी आल्या, ते रोप बघितलं, समुद्राकडे बोट केलं, मग डोंगराकडे, आणि हाताने वर्षाचे दोन भाग करून दाखवले. डिसेंबर ते मार्च वारा समुद्रावरून, पाऊस घेऊन. मे ते ऑक्टोबर डोंगरावरून, कोरडा. मधले दोन तुकडे निवांत. जाताना त्यांनी एक नीरफणस हातात दिला. इथे म्हणतात, जो हा खातो तो परत बेटावर येतो.

तेव्हापासून वहीत तारखेखाली वाऱ्याची दिशा लिहिते. आता मागची पानं चाळली की दिवस वेगळे दिसतात. तुळस गेली ती वायव्येच्या वाऱ्यात. पहिल्यांदा न घाबरता पोहले ती मार्चअखेरच्या निवांत पाण्यात. पुन्हा खुंट्या मिळाल्या. कालपर्यंत यापुढे काही लिहायचं सुचलं नसतं.

आज उजाडल्यावर मी माझ्या चार कुंड्या मागून उचलून पुढच्या ओट्यावर आणल्या. शेवटची ठेवताना मान वर केली तर मादामही त्यांच्या कुंड्या पुढे आणत होत्या. माझ्या ओट्याकडे बघून त्यांनी हात हलवला.

संध्याकाळी आईचा फोन. तिचं घड्याळ माझ्या दीड तास पुढे. मे महिना म्हटलं की तिचा जीव आभाळाकडे लागलेला असतो. “उकाड्याने जीव नकोसा झालाय गं. तुमच्याकडे काय?” मी म्हटलं, आज आग्नेयेचा वारा सुटलाय. मग सांगत बसले. हाच वारा विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्याने उजवीकडे वळतो, सोमालियाच्या बाजूने अरबी समुद्रावर शिरतो, ओल घेतो, आणि नैर्ऋत्येकडून तुमच्यापर्यंत पोचतो. तुमचा पाऊस म्हणजे वळण घेऊन आलेला हाच वारा. शाळेच्या भूगोलात हे वाचलेलं होतं. पण ते आईला सांगताना माझा आवाज भरून आला.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आज तुझ्या दारावरून निघाला. आमच्याकडे कधी येईल?”

“पंधरा-वीस दिवस धर.”

फोनमध्ये कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.