चार माणसे, तीन पेले

चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला, हान नदीच्या काठी, चाओझोऊ नावाचे शहर आहे. वॉश बेसिने आणि कमोड यांच्या खरेदीसाठी काही वर्षे मला तेथे वरचेवर जावे लागत असे, आणि चहाविषयी मला जे काही थोडेफार उमगले ते या सर्वस्वी रुक्ष कामाच्या निमित्ताने उमगले.

पहिल्या भेटीत कारखान्याच्या मालकांनी नमुने दाखवण्याऐवजी आम्हाला एका टेबलाभोवती बसवले. टेबलावर पाणी निथळून जाईल असे जाळीचे तबक, शेजारी उकळती किटली, झाकणाची एक पांढरीशुभ्र वाटी आणि तीन चिमुकले पेले होते. संध्येच्या पळीने मोजले तर तीन-चार पळ्या मावतील एवढाच त्यांचा जीव. मला तर आपण आचमनालाच बसलो आहोत असे वाटले. आम्ही माणसे मात्र चार होतो. मालक, त्यांचे वृद्ध वडील, दुभाषी मुलगी आणि मी. एखादा पेला फुटला असावा अशी समजूत करून घेऊन मी समोरचा उचलला, एका घोटात संपवला आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच हात पुढे केला. दुभाषी मुलीने नजर खाली वळवली, तेव्हा काहीतरी चुकल्याची शंका मला आली.

पेला फुटलेला नव्हता. चाओझोऊच्या जुन्या रिवाजाप्रमाणे माणसे चार असोत की सात, पेले तीनच मांडतात. आस्वाद घेणे या अर्थाचे चिनी अक्षरही तीन तोंडे रचून केलेले आहे, असे त्या मुलीने मला कागदावर काढून दाखवले. एका फेरीत तिघे पितात, पेले उकळत्या पाण्यात खळखळून घेतले जातात आणि पुढची फेरी उरलेल्यांकडे वळते. ओतणारा आधी स्वतः घेत नाही. ज्याच्या हाताशी पेला येतो तो बहुधा शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, शेजारी वडीलधाऱ्यांकडे, आणि वडीलधारे पाहुण्याकडे. आग्रह आपल्याकडेही काही कमी नाही, पण आपल्या पंगतीतला आग्रह आणखी एक जिलबी वाढण्यासाठी असतो. येथे अगोदरच एक पेला कमी ठेवून आग्रहाची सोय करून ठेवलेली होती, आणि हे मला फार हुशारीचे वाटले.

या पद्धतीला 'गोंगफू' चहा म्हणतात. सिनेमातल्या मारामारीने जगभर नेलेला कुंगफू हाच शब्द. त्याचा मूळ अर्थ वेळ आणि कष्ट खर्चून कमावलेले कसब असा आहे. हे कसब मला सर्वाधिक दिसले ते ओतण्यात. वाटी पानांनी जवळजवळ भरतात, त्यावर उकळते पाणी घालून ते पहिले पाणी टाकून देतात, आणि पुढचे पाणी काही सेकंदांतच, झाकण किंचित तिरके धरून, एकमेकांना चिकटवून ठेवलेल्या तिन्ही पेल्यांवर गोल गोल फिरवत ओततात. वाटीच्या कडेचा चटका बोटांना बसतोच. मालकांच्या अंगठ्याची आणि मधल्या बोटाची टोके त्याने राठ झाली होती. या गोल फिरण्याला 'सेनापती गुआन यूची नगरफेरी' म्हणतात, आणि शेवटचे थेंब प्रत्येक पेल्यात एकेक करून ठिबकवण्याला 'हान शिनची शिपायांची मोजदाद'. दोघेही प्राचीन चीनचे सेनापती. नावे लढाईची असली तरी कारण अगदी घरगुती आहे. आधी पडणारा चहा फिका असतो आणि शेवटचे थेंब सर्वांत कडक, त्यामुळे एकामागून एक पेले भरले तर कोणाच्या वाट्याला नुसते रंगीत पाणी येईल आणि कोणाच्या वाट्याला काढा. आमटी वाढताना डाळ तळाशी राहू नये म्हणून पळी खालपर्यंत फिरवणाऱ्या माझ्या आजीला हे कोणी समजावून सांगावे लागले नसते.

पेला काठोकाठ भरणे तेथे असभ्य मानतात. सात भाग चहा आणि वरचे तीन भाग रिकामे, असा प्रघात आहे. आपल्याकडे बशीत सांडेपर्यंत ओतले नाही तर यजमानाच्या दानतीविषयी शंका घेतली जाते. परंतु ते पेले अंड्याच्या कवचासारखे पातळ, आणि धरण्याजोगी थंड राहते ती फक्त वरची कड. काठोकाठ भरलेला पेला पाहुण्याने धरायचा कोठे?

चाओझोऊच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. आपला 'चहा' चीनमध्ये इतरत्र प्रचलित असलेल्या 'चा'चा वंशज, तर युरोपातला 'टी' शेजारच्या फुजियान प्रांतातल्या ज्या दक्षिणेकडील बोलीतून निघाला तिच्याच कुळातली ही बोली आहे. येथे चहाच्या पानांना लोक 'चहाचे तांदूळ' म्हणतात, एवढ्यावरून घरातले त्याचे स्थान कळावे. पाने येतात ती जवळच्या फिनिक्स पर्वतावरून, आणि तेथील झाडांच्या वाणांना त्यांच्या गंधावरून नावे आहेत. एक 'मध-ऑर्किड', तर एक चक्क 'बदकाची शीट'. या दुसऱ्याचा वास सुरेख, फुलांसारखा असतो. झाड चोरीला जाऊ नये म्हणून मालकाने मुद्दाम असे घाणेरडे नाव सांगितले, अशी त्याची कथा आहे. मुले जगत नसत त्या घरात नव्या बाळाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांची मला तेथे आठवण झाली. पुढे त्या वाणाला एक सभ्य नाव देण्यात आले, पण ते कोणाच्या तोंडी बसले नाही.

याच चहाची पाकिटे मी घरी आणली. एका पाकिटात एका वाटीपुरती पाने होती. आईने दोन पाकिटे फोडून आले, साखर आणि दूध घालून चांगला खदखदवला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, याला ना लाग, ना रंग. कितीला दिलं हे तुला?" किंमत मी सांगितली नाही. नंतर मी स्वतः केला तेव्हा फोन आला म्हणून पाने पाच मिनिटे पाण्यातच राहिली, आणि जिभेला तुरटी लावावी तसा प्रकार झाला. हा चहा पाण्यातून वेळेवर काढायचा असतो, एवढेच त्यातले अवघड. बाकी त्याच पानांवर आठ-दहा वेळा पाणी घालता येते, आणि माझ्या चवीला तरी चौथे-पाचवे पाणी सर्वांत गोड लागते.

चहातून निर्वाण शोधणारे लेखन मी बरेच वाचले आहे, आणि ते मला पटत नाही. आमचे मालक पेल्यांवर थेंब ठिबकवत असतानाच जहाजाच्या भाड्यावरून घासाघीस करीत. मात्र तिसऱ्या पाण्याच्या आत त्यांनी भाव काढल्याचे मला आठवत नाही, आणि चौथ्या पाण्यानंतर जो भाव ठरला तो मोडल्याचेही आठवत नाही. वडील या सगळ्यात एक शब्द बोलत नसत. पेला पुढे आला की दोन बोटे टेबलावर हलकेच आपटून आभार मानायचे आणि तो पेला माझ्याकडे सरकवायचे.

गेल्या दिवाळीत आत्या आणि काका आले, तेव्हा मी हौसेने ते तबक बाहेर काढले. आम्ही चौघे होतो. आत्याने पेल्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अरे, एक कमी काढलास."

मी तिला ती तीन तोंडे, ती फेरी, सगळे सविस्तर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, "छान आहे हो," म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरातून आईसाठी स्टीलची एक वाटी घेऊन आली.