ल्यों: रविवारी दुपारी पोचू नका आणि पाण्याची बाटली मागवू नका

ज्यानं त्यानं हेच सांगितलं होतं, फ्रान्समध्ये खायचं असेल तर ल्योंला जा (आपण लिऑन म्हणतो ते), कुठल्याही हॉटेलात शिरा, फसणार नाही. आम्ही पहिल्याच दिवशी फसलो, मी आणि ताई दोघंही, आणि तेच आधी लिहितोय, कारण बॅसिलिकाचे (टेकडीवरच्या मोठ्या चर्चचे) फोटो तुम्हाला कुठेही मिळतील.

पॅरिसहून टीजीव्हीनं (फ्रान्सची वेगवान रेल्वे) दोन तासांत पार-दिए स्टेशन, तिथपर्यंत सगळं छान. पण वार रविवार, आणि खोलीवर बॅगा टाकून बाहेर पडेपर्यंत पावणेतीन वाजले. इथे दुपारचं जेवण साधारण 12 ते 2, मग किचन बंद ते थेट संध्याकाळी 7-साडेसातला उघडतं, मधे तुम्ही कितीही भुकेले असा, दारातूनच नाही म्हणतात. बूशों म्हणजे ल्योंच्या छोट्या जुन्या पद्धतीच्या खाणावळी, ज्यांच्यासाठी आपण जातो, त्यातल्या बऱ्याच शनिवार-रविवारी बंदच असतात. मग उघडं काय होतं, तर व्य ल्योंमध्ये म्हणजे जुन्या गावात, सगळे टूरिस्ट चालतात त्या रस्त्यावरचं एक, बाहेर बूशों लिहिलेलं, पाच भाषांत फोटोवालं मेन्यूकार्ड, आणि दारात उभं राहून बोलावणारा माणूस. पोटात कावळे ओरडत होते, शिरलो.

केनेल (माशाचा गर, अंडी, लोणी घालून केलेला मऊ लांबट गोळा, वर सॉस) मधे चक्क गार होता. वेटरनं विचारलं, पाणी? आम्ही हो म्हटलं, दोन बाटल्या फोडून आणल्या, 7 युरोला एक. 14 युरो पाण्याचे! मला अजून राग येतो, कारण फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाचं पाणी कायद्यानंच फुकट आहे, फक्त मागावं लागतं. "यून काराफ दो, सिल व्हू प्ले" (एक जग पाणी द्या ना) एवढं वाक्य पाठ करून जा, बाकी फ्रेंच नाही आलं तरी चालेल. ब्रेडही फुकट असतो. आणि कार्डाच्या मशीनवर टिप किती असं आलं तर सरळ शून्य करा, सर्व्हिस किमतीत धरलेली असते.

अजून एक, तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या पदार्थांचं जेवण, आपल्या मेन्यूकार्डाला 'कार्त' म्हणतात. आणि 'आंत्रे' म्हणजे स्टार्टर, ताईनं ते मुख्य जेवण समजून मागवलं आणि समोर एवढंसं सॅलड आलं, त्यातही डुकराचे तुकडे. ताई शाकाहारी आहे (अंडं खाते). ल्योंच्या सॅलडमध्ये ते लार्दों असतातच, "सां लार्दों" म्हणा, मग पाला, क्रूतों (कुरकुरीत पावाचे तुकडे) आणि वर पोच केलेलं (कवच काढून पाण्यात शिजवलेलं) अंडं, मस्त लागतं. तिला खरं आवडलं ते सर्वेल द कॅन्यू, नावाचा अर्थ विणकराचा मेंदू पण मेंदूबिंदू काही नाही, आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, लसूण, हिरवा पाला. ते आणि बटाट्याचं ग्रातँ (काप ओव्हनमध्ये भाजून केलेलं), शाकाहारी माणसाचं एवढ्यावर पोट भरतं, पण चार दिवस तेच तेच खायची तयारी ठेवा.

मांसाहारींसाठी: आंदुयेत दिसायला सॉसेज, आत आतडी. वास उग्र. घरी वजडी आवडीनं खाणाऱ्यांनीच मागवा. मी अर्धं ठेवलं. तॅब्लिए द सापर, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेली वजडी, मात्र मला प्रचंड आवडली. हे सोमवारी दुपारी, पार नदीपलीकडे, हातानं लिहिलेली पाटी बघून शिरलो तिथे, 20 युरोच्या आसपास तीन पदार्थ. दोन तास बसलो, कुणी उठवलं नाही. इतकं चांगलं जेवण मी परदेशात कुठे जेवलो नाही, अगदी मनापासून सांगतो.

आता चढ. आमची खोली क्र्वा-रूसच्या उतारावर होती, रेशीम विणकरांची जुनी वस्ती, उंच मागांसाठी उंच छतांची घरं. जाहिरातीत मेट्रोपासून 7 मिनिटं. त्या सात मिनिटांत दगडी पायऱ्या आणि गोट्यांचा रस्ता आहे हे कोण सांगणार? आम्ही सिंहगड नेहमी चढतो, चढाचं काही नाही, पण 23 किलोची बॅग घेऊन पाऊण तास लागला, बॅगेचं एक चाक तिथेच गेलं आणि जेवणाची वेळही त्यातच हुकली. उपाय दुसऱ्या दिवशी कळला: ओतेल द व्हील स्टेशनवरून मेट्रोची सी लाईन घ्या (उटीच्या गाडीसारखी दातेरी रुळावर चढते), थेट वर क्र्वा-रूसला उतरा आणि खोलीपर्यंत खाली उतरत या. फुर्विएरच्या टेकडीलाही तसंच, फ्युनिक्युलरनं (दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर, बागेतून चालत खाली.

रोमन थिएटर, तेत दॉर पार्क, त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटा, सगळं बघितलं, छान आहे. त्राबूलमध्ये हळू बोला, लोक राहतात तिथे.

बोकूजच्या (ल्योंचा प्रसिद्ध शेफ) नावाचं झाकलेलं मार्केट महाग आहे, फक्त बघा. खरेदी सोन नदीच्या काठावरच्या सकाळच्या बाजारात करा, सोमवार सोडून. आणि निघताना प्रालीनवाली ब्रियोश (लोणी घातलेला मऊ गोडसर पाव) घ्या, आत गुलाबी साखरेत घोळवलेले बदाम असतात, आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखे दिसतात. दोन घ्या. आम्ही एकच घेतली होती, ती गाडी सुटायच्या आत संपली.