तुम्ही विचारलंत म्हणून: रेल म्युझियममध्ये बघायचं तरी काय?

ओळखीचं कुणी दिल्लीला निघालं की मी रेल म्युझियमचं नाव घेते आणि ठरलेला प्रश्न येतोच, "अगं पण तिथे बघायचं काय? जुनी बंद पडलेली इंजिनंच ना उभी केलीत? पोरांना टॉय ट्रेनमध्ये बसवलं, चार फोटो काढले की झालं, अर्धा दिवस कशाला घालवायचा?" परवा पुन्हा एकीने हेच विचारलं. म्हटलं आता एकदा नीट लिहूनच ठेवू, पुढच्या वेळी हे वाचायला देता येईल.

माझं उत्तर एवढंच, की आधी चाकांकडे बघा. रंग, पितळी अक्षरं, राजमुकुट, झेंडे हे सगळं नंतर. लोक काय करतात, इंजिनासमोर उभे राहतात, वर बघतात, धुराडं बघतात, फोटो काढतात आणि पुढच्याकडे जातात, आणि मग वीसेक मिनिटांनी सगळीच काळी इंजिनं एकसारखी दिसायला लागतात आणि पाय दुखायला लागतात. त्याऐवजी प्रत्येक इंजिनाजवळ खाली वाकून चाकं किती आहेत, केवढी आहेत, एकमेकांना दांड्यांनी जोडलीत का, आणि ती अशीच का केली असतील एवढं बघितलं तरी चालेल. कारण तिथलं प्रत्येक इंजिन कुठल्या तरी विशिष्ट जागेच्या अडचणीवर कुणीतरी डोकं लावून काढलेला तोडगा आहे, आणि तो तोडगा बहुतेक वेळा खाली रुळाजवळ दिसतो.

आता उदाहरणं. म्हणजे हे नॅशनल रेल म्युझियम चाणक्यपुरीत शांतिपथावर आहे, 1977 च्या फेब्रुवारीत उघडलं, मोठं मोकळं आवार आहे आणि बरीचशी इंजिनं-डबे बाहेर झाडांमध्येच उभे आहेत. त्यात आपल्या माथेरानचं इंजिन आहे! दोन फुटी गेजचं, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, इतकं बुटकं की पोरं त्याच्याजवळून पळत जातात, मोठ्या इंजिनांपुढे कुणाचं लक्षच जात नाही. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांवर त्यांच्या मुलाने ही लाइन काढली, 1907 मध्ये नेरळहून माथेरानला गाडी सुरू झाली, आणि त्या डोंगरात वळणं इतकी गच्च आहेत की साधं सहा चाकांचं इंजिन अडकून बसलं असतं. मग जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीने इंजिनं बनवताना पुढचा आणि मागचा आस असा पोकळ केला की चाकं थोडी बाजूला सरकू शकतात, वळण आलं की इंजिन वळणाप्रमाणे अंग वळवतं. नेरळहून मिनी ट्रेनमध्ये बसलेले आपण सगळेच असतो, पण ती वळणं जमली कशी हे असं जवळ जाऊन बघितल्यावर कळतं.

किंवा ते सिंद्रीच्या खत कारखान्यातलं फायरलेस इंजिन घ्या, 1953 चं, जर्मनीच्याच हेन्शेल कंपनीचं. त्याला भट्टीच नाही. कारखान्यात ठिणगी उडून चालणार नव्हतं म्हणून कारखान्याच्या बॉयलरमधून दाबाखालची वाफ आणि गरम पाणी याच्या टाकीत भरायचं आणि त्यावर ते काही तास वॅगन ओढायचं, संपलं की परत भरायचं. कोळसा नाही, धूर नाही. मला हे फार आवडतं.

पतियाळाची मोनोरेल बघायला मात्र लोक आपणहून थांबतात, कारण ती दिसतेच विचित्र. रूळ एकच, आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक जे सरळ रस्त्यावरून चालायचं. जवळजवळ सगळं वजन त्या एका रुळावर, थोडंसं रस्त्यावरच्या चाकावर. 1907 मध्ये सुरू झाली, संस्थानच्या लष्कराकडे खेचरं भरपूर होती म्हणून इंजिनं असूनसुद्धा बरीचशी ओढायची कामं खेचरांनीच केली, आणि मोटारी आल्यावर 1927 मध्ये बंद पडली. मग पुढे पस्तीस वर्षं ती पतियाळाच्या एका सरकारी आवारात पडून होती, 1962 मध्ये मायकल सॅटो या इंग्रज माणसाच्या नजरेला पडली आणि अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने तिला परत चालती केली. हे म्युझियम उभं राहण्यातही सॅटोंचा मोठा हात आहे. भंगारात गेली असती तर आज कुणाला सांगूनही पटलं नसतं की असली गाडी खरंच चालत होती.

बंगाल नागपूर रेल्वेचं गॅरेट जातीचं वाफेचं इंजिन तर चुकवूच नका, 1930 च्या सुमाराचं, मँचेस्टरच्या बेयर पीकॉकचं, 230 टनांच्या वर वजन. मध्ये एक बॉयलर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्वतंत्र इंजिन. एवढं वजन एकाच जागी पडलं असतं तर रूळ आणि पूल दबले असते, म्हणून ते लांबवर पसरवलं, आणि मध्ये सांधे दिले म्हणजे वळणावर अडचण नको. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, सावकाश, चाकं मोजत.

राजेरजवाड्यांची सलून, म्हणजे त्यांच्यासाठी बनवलेले खास डबे, आहेत, 1875 चं प्रिन्स ऑफ वेल्सचं, 1899 चं म्हैसूरच्या महाराजांचं, बडोद्याच्या गायकवाडांचं. सुंदर आहेत, लाकूडकाम बघण्यासारखं आहे, पण मी तिथे फार रेंगाळत नाही. गायकवाडांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या सलूनपेक्षा मला त्यांची डभोईची लाइन जास्त मोठी वाटते, 1862 मध्ये नॅरो गेजवर बैलांनी गाडी ओढून सुरू केलेली. फेअरी क्वीनबद्दल तुम्ही वाचलेलंच असेल, 1855 चं इंजिन, म्युझियममधून बाहेर काढून 1997 मध्ये दिल्ली ते अलवर परत धावायला लावलं. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी आणखी लिहीत नाही.

आता माझं खरं ठिकाण. खेकडा.

मी कर्जतची. कर्जतला गाडी थांबते ती मागे बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन, लावायला, आणि तेवढ्या वेळात अख्खी गाडी वडापाव घ्यायला उतरते, हे ज्यांनी पुणे-मुंबई केलंय त्यांना सांगायला नको. माझ्या लहानपणी या घाटात जी जुनी इलेक्ट्रिक इंजिनं अजून दिसायची त्यातलं एक म्हणजे हे, तपकिरी, पुढे-मागे लांब नाक आणि मध्ये केबिन. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि चालायला लागलं की दांड्यांचा सूं-सूं आवाज. रेल्वेच्या भाषेत डब्ल्यूसीजी-1, पण सगळे खेकडाच म्हणायचे. दिल्लीत झाडाखाली ते बघितलं आणि माझ्या पोटात कालवलं, खरंच सांगते, आपल्या गावचं माणूस परगावी भेटावं तसं झालं. त्याच्यावर नाव आहे सर लेस्ली विल्सन. हे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर, 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेवरची गाडी सुटली ती यांच्या हस्ते.

तर खेकड्याची चाकं. पुण्याच्या वाटेवरचा भोर घाट आणि इगतपुरीच्या वाटेवरचा थळ घाट, दोन्हीकडे चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना एक मीटर वर. चालत जाणाऱ्याला हे काही वाटणार नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पावसाळ्यात ओल्या रुळावर, मागे शेकडो टनांची मालगाडी, म्हणजे चाक जागीच फिरायला लागतं. भोर घाटात 1863 पासून वाफेच्या इंजिनांनी हे काम केलं, बोगद्यांमधून धुरात, आणि मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं जिथे गाडीची दिशाच बदलायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग पुढचा चढ. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, घाटांसाठी वीज आणायचं ठरवलं ते या सगळ्यामुळे. पुण्यापर्यंतचं काम 1929 ला झालं, त्याच सुमारास रस्ता बदलून ते रिव्हर्सिंग स्टेशनही टाळलं, आणि इगतपुरीपर्यंत 1930 ला वीज गेली. ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं.

आणि इंजिन कुणाकडून घ्यायचं? घाटाचा अनुभव ज्यांना आहे त्यांच्याकडून. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या चढांवर असलीच लांब नाकाची इंजिनं आधीपासून चालत होती, म्हणून विंटरथूरच्या कारखान्यात पहिली इंजिनं तयार झाली, पुढची इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत, सगळी मिळून 41. आता खाली बघा. एका बाजूला सहा चाकं, तीन-तीनचे दोन गट, आणि प्रत्येक गटातली तिन्ही दांड्यांनी एकमेकांना बांधलेली. मोटरी वर नाकात. त्या चाकांना सरळ फिरवत नाहीत, आधी एक आडवा आस फिरवतात आणि त्याच्यावरून दांड्या चाकांना फिरवतात. एवढा खटाटोप का, तर एकटं चाक घसरायला लागलं तरी बाकीची दोन त्याला घसरू देत नाहीत, तिघांनी मिळून पकड धरायची. आणि अंग तीन भागांत, म्हणजे घाटातल्या वळणावर दोन्ही नाकं आपापली वळतात. माथेरानच्या त्या चिमुकल्या इंजिनाचा आणि याचा प्रश्न एकच, वळण, पण उत्तरं किती वेगळी ते शेजारी-शेजारी एकाच आवारात बघता येतं. म्हणून तर जायचं!

उतरताना तर आणखी मजा. घाट चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं, ब्रेक तापतात, गाडी सुटली तर तिला आवरायला घाटात कॅच सायडिंग, म्हणजे सुटलेली गाडी वळवून थांबवायच्या बाजूच्या लाइनी, ठेवलेलीच आहेत. खेकडा उतरताना त्याच्या मोटरीच जनरेटर होतात, गाडीला आवर बसतो आणि तयार झालेली वीज परत वरच्या वायरमध्ये जाते, म्हणजे खाली येणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला हातभार लावते. आज लोकलमध्ये हेच तंत्र आलं की केवढं कौतुक होतं, आणि आपल्या घाटात ते शंभरेक वर्षांपूर्वी चालू होतं.

याच म्युझियममध्ये त्याचं भावंडही आहे, डब्ल्यूसीपी-1, सर रॉजर लमली नावाचं, पॅसेंजर गाड्यांचं. 1 जून 1930 ला सुरू झालेली डेक्कन क्वीन वर्षानुवर्षं या जातीच्या इंजिनांनी ओढली. मालगाडीचं इंजिन आणि पॅसेंजरचं इंजिन यांच्या चाकांत फरक काय हे या दोघांच्या मध्ये उभं राहून बघा, मी सांगत नाही.

ही सगळी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या वायरखालची इंजिनं. मुंबईतली शेवटची डीसी लोकल 2016 मध्ये हार्बरवरून धावली, आता वायरमध्ये एसी वीज असते, त्यामुळे उद्या खेकडा दुरुस्त करून रुळावर आणला तरी वर त्याची वीजच नाही. आता तो फक्त बघता येतो, म्हणून तरी नीट बघावा असं मला फार वाटतं. अशा ठिकाणच्या पाट्यांवर साल, कंपनी, वजन असतं, पण बोगद्याच्या धुरात फडकं तोंडाला बांधून कोळसा टाकणाऱ्या फायरमनचं काय झालं, वीज आल्यावर त्याला काय वाटलं, हे पाटीवर मावत नाही. ते कर्जत, लोणावळा, इगतपुरी, कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या घरांत आहे. ज्यांच्या घरी घाटात काम केलेलं कुणी अजून आहे त्यांनी बोलतं करा हो, मोबाइल समोर ठेवा आणि बोलू द्या.

बाकी व्यवहाराचं. सोमवारी बंद असतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, लोखंड तापतं आणि पोरं कंटाळतात, हिवाळ्यात सकाळी बेस्ट. टॉय ट्रेनमध्ये आधी बसवून घ्या म्हणजे ती टुमणं लावत नाहीत.

आणि दिल्लीला जाणं होणारच नसेल तर नागपूरला मोतीबागला नॅरो गेजचं म्युझियम आहे, पुण्यात कर्वे रोडजवळ जोशींचं छोट्या रेल्वेंचं आहे, तिथे सिग्नल आणि सांधे कसे बदलतात ते पोरांना चालू स्थितीत बघायला मिळतं. मुंबईकरांना तर खेकड्यासाठी कुठे जायलाच नको, वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभा आहे. दांड्या जिथून सुरू होतात तिथे रुळाला न टेकणारा एक गोल दिसेल, तोच तो आडवा आस. पोरांना सांगा, आधी तो शोधा.