मामांचा पत्रा आणि हार्बुर्गची कॅम्पर

हार्बुर्ग म्हणजे हॅम्बुर्गचा एल्बे नदीच्या दक्षिणेकडचा भाग. इथे आमच्या घरामागच्या शेडमध्ये १९७४ सालची फोक्सवॅगन टी-टू कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली व्हॅन, उभी आहे. मागे हवेनं थंड होणारं (एअर-कूल्ड) इंजिन, वर उघडणारं छप्पर, आत वेस्टफालिया कंपनीनं बसवलेला ओटा आणि पलंग. पुण्यातले सगळे फोटो बघून 'किती गोड गाडी' म्हणतात. दारांखालचा पत्रा फोटोत दिसत नाही. तो बोटानं दाबला तरी आत जायचा.

इथली मजुरी बघता पत्र्याचं काम गॅरेजला देणं मला शक्य नव्हतं. म्हणून वेल्डिंग शिकायला घेतलं, आणि गुरू मिळाले चिंचवडला. माझे मामा आकुर्डीला बजाज टेम्पोच्या बॉडी शॉपमध्ये होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मॅटाडोरचे पत्रे जोडले. बजाज टेम्पो १९५८ साली उभी राहिली ती टेम्पो या जर्मन कंपनीशी करार करून, आणि त्या टेम्पोचा कारखाना होता इथे, हार्बुर्गमध्ये. १९४९ साली इथे निघालेल्या पहिल्या मॅटाडोरला इंजिन होतं फोक्सवॅगनचं. हे मामांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे घरातलीच गाडी. नीट कर."

मग शनिवारचा व्हिडिओ कॉल ठरून गेला. माझी सकाळ, त्यांची जेवण झाल्यानंतरची दुपार. शनिवारच, कारण रविवारी इथे ग्राइंडर लावता येत नाही; रविवारची शांतता कायद्यानं पाळावी लागते.

टी-टूच्या सिलला, म्हणजे दाराखालच्या लांब कडेला, तीन थर असतात: बाहेरचा, मधला, आतला. बाहेरचा नवा बसवून रंग मारला की गाडी विकायला तयार दिसते, आणि मधला आत कुजत राहतो. माझ्या गाडीचं आधीच्या कुणीतरी नेमकं हेच केलं होतं. मामांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, गंज झाकायचा नसतो, कापायचा असतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबू नकोस." दुसरं त्याहून मोलाचं: कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी टाकून ठेव. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, खालचे पत्रेच वजन पेलतात. सिल कापला की बॉडी कणभर बसते आणि सरकतं दार पुन्हा नीट लागत नाही. मामांनी ही गाडी जन्मात पाहिलेली नाही. दाराच्या फटी फोनवर बघून त्यांनी हे ओळखलं.

वेल्डिंगमध्येही तेच. सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. पातळ पत्रा तापला की लाटांसारखा वाकतो, आणि तो सरळ करण्यात दिवस जातो. असे टाके भरत भरत शेवटी अखंड शिवण झाली पाहिजे, कारण दर दोन वर्षांच्या तपासणीत अधिकारी खाली वाकून पत्रा ठोकून बघतात. लांबी (पुटी) भरून तिथे काही चालत नाही. आतल्या पोकळीत मी पातळ मेण फवारलं. हे मात्र इथल्या लोकांकडून शिकले. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे त्यांना याचं महत्त्व पुरतं ठाऊक आहे.

इंजिनाचं काम त्या मानानं सोपं. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट नवे, आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या न बघता बदलायच्या. जुनी नळी तडकून गरम इंजिनावर पेट्रोल टपकलं की आग लागते. कित्येक टी-टू अशाच गेल्या आहेत. इंजिनाभोवतीची रबरी पट्टीसुद्धा शाबूत हवी. ती नसेल तर खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढत राहतो.

छपराचा कॅनव्हास मात्र मी पुण्यात करून घेतला. डिसेंबरात सुट्टीला आले तेव्हा जुना फाटका कॅनव्हास बॅगेत घालून आणला आणि नाना पेठेत रिक्षाची हूडं शिवणाऱ्या एका चाचांकडे नेला. त्यांनी तो टाक्याटाक्यानं उसवला, जमिनीवर पसरला, आणि किती ताणला गेलाय ते धरून नवा नमुना आखला. नवं कापड आधी रात्रभर भिजवलं, म्हणजे पावसात आटणार नाही. खिडकीच्या जाळीभोवती दुहेरी शिवण घातली. छपराला तो असा बसलाय की इथल्या टी-टूवाल्या शेजाऱ्यांनी कारागिराचा पत्ता विचारला.

आपल्याकडच्या नियमाचं मला वाईट वाटतं, ते इथे लिहिते. जर्मनीत ३० वर्षं झालेली, मूळ रूपात सांभाळलेली गाडी नंबरशेवटी 'एच' अक्षर मिळवते. तिला वर्षाला सुमारे १९२ युरो असा ठरावीक कर लागतो आणि प्रदूषणामुळे जुन्या गाड्यांना बंदी असलेल्या भागांतही ती जाऊ शकते. भारतात २०२१ पासून विंटेज गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण त्यासाठी ५० वर्षं लागतात. शाळेच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, भाजीपाला, सगळं वाहणारी मॅटाडोर पन्नाशीपर्यंत कोण आणि कशासाठी सांभाळणार? तिला जोडणारे हात मात्र अजून चिंचवड-आकुर्डीत आहेत. सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्याकडे बसून कुणीतरी शिकायला हवं, आणि आत्ताच.

मामांच्या व्हिसाचे कागद मी पाठवले आहेत. ते जूनमध्ये येतील. तोवर ब्रेकचे सिलिंडर बदलून गाडी तपासणीला न्यायची आहे, कारण ते पोचले की पहिल्यांदा हॅनोव्हरला जायचं ठरलंय. १९५६ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅन तिथल्या कारखान्यात बनत. मामांना तो बघायचाय.